अंडाशयातली सिस्ट आणि कॅन्सरची भीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफी बहुतेक वेळा दुसऱ्याच कशासाठी तरी केलेली असते. मुतखड्याची शंका, पुढेमागे होणारी पाळी, नाहीतर कंपनीचं वार्षिक चेकअप. रिपोर्टात कुठेतरी ‘ओव्हेरियन सिस्ट’ असे दोन शब्द असतात आणि पोटात खरा गोळा येतो तो तेव्हा. रात्रभर मोबाइलवर शोधाशोध होते आणि सकाळी ओपीडीच्या बाकावर डोळे सुजलेली बाई बसलेली असते. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून तेच प्रश्न इतक्या वेळा ऐकलेत की एकदा उत्तरं लिहूनच काढली. तुमच्या स्वतःच्या रिपोर्टाचा निकाल तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरनेच द्यायचा आहे. त्यांना काय विचारायचं, एवढं यातून कळलं तरी पुरे.

सिस्ट निघाली म्हणजे कॅन्सर आहे का?

पाळी चालू असलेल्या बाईत जवळजवळ नेहमीच नाही. सिस्ट म्हणजे पातळ भिंतीची पिशवी, आत बहुधा पाणी. गर्भपिशवी वेगळी, अंडाशय वेगळं, आणि ही पाण्याची पिशवी अंडाशयातली. ‘पिशवीला गाठ आहे’ असं घरी सांगितलं जातं तेव्हा निम्म्या वेळा ती गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ असते आणि निम्म्या वेळा अंडाशयातली सिस्ट. आधी तेवढं स्पष्ट करून घ्या. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मुळात ती होतेच कशाला?

अंडाशयाचं कामच सिस्ट बनवण्याचं आहे म्हटलं तरी चालेल. दर महिन्याला एक बीज पाण्याच्या फोडात वाढतं. तो फोड साधारण दोन सेंटिमीटरचा झाला की फुटतो आणि बीज बाहेर पडतं. एखाद्या महिन्यात तो फुटत नाही, नुसताच वाढत राहतो. कधी फुटल्यावर पुन्हा मिटतो आणि आत पाणी किंवा रक्त साठतं. तीन, चार, पाच सेंटिमीटरच्या ज्या सिस्ट रिपोर्टात दिसतात, त्यातल्या बहुतेक अशाच असतात आणि दोन-तीन पाळ्यांत जिरून जातात. म्हणून डॉक्टर ‘दोन-तीन महिन्यांनी पाळी झाल्या झाल्या परत सोनोग्राफी करा’ म्हणतात. पाळी संपल्यावर लगेच, कारण महिन्याच्या मध्यावर गेलात तर नवा फोड दिसेल आणि पुन्हा तीच रात्र.

ठीक आहे, आत्ता कॅन्सर नाही. पण राहू दिली तर पुढे होईल ना?

खरी भीती ही आहे. मनात एक चित्र असतं: गाठ म्हणजे बी, आज साधी, उद्या रुजणार. स्तनाच्या गाठीबद्दल, मोठ्या आतड्यातल्या पॉलिपबद्दल ऐकलेलं सगळं इथे येऊन चिकटतं.

साध्या पाण्याच्या सिस्टबाबत हे चित्र लागू पडत नाही. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाने पन्नाशीपुढच्या १५,१०६ बायकांची वर्षानुवर्षं सोनोग्राफी केली. त्यातल्या २,७६३ जणींना, म्हणजे शंभरातल्या अठराजणींना, कधी ना कधी एका कप्प्याची साधी सिस्ट सापडली. जवळजवळ सत्तर टक्के सिस्ट आपोआप गेल्या. या बायकांपैकी दहाजणींना पुढे अंडाशयाचा कॅन्सर झाला, पण प्रत्येकीची हकीकत वेगळी निघाली. कुणाची सिस्ट आधीच जिरली होती, कुणाला कॅन्सर दुसऱ्या बाजूच्या अंडाशयात झाला, कुणाच्या सिस्टमध्ये मधल्या काळात घट्ट भाग दिसू लागला होता. सिस्ट साधी ती साधीच राहिली आणि तिचाच कॅन्सर झाला, असं एकीचंही झालं नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या ७२,०९३ बायकांच्या नोंदींवरून २०१९ साली आलेला अभ्यासही हेच सांगतो. साधी सिस्ट असलेल्या पन्नाशीच्या आतल्या एकाही बाईला पुढच्या तीन वर्षांत अंडाशयाचा कॅन्सर झाला नाही, आणि पन्नाशीपुढच्यांत एकीला झाला.

मग अंडाशयाचा कॅन्सर येतो कुठून? त्याचा सगळ्यात नेहमीचा आणि सगळ्यात आक्रमक प्रकार बऱ्याचदा अंडाशयात सुरूच होत नाही. तो सुरू होतो गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाला, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींमध्ये, आणि तिथून अंडाशयावर पसरतो. म्हणजे तुम्ही ज्या पाण्याच्या पिशवीकडे टक लावून बसलात, तिचा या आजाराशी बहुधा संबंधच नसतो.

‘बहुधा’ म्हणते, कारण सगळ्या सिस्ट साध्या नसतात. आतून कोंब फुटलेल्या सिस्ट असतात आणि काही कॅन्सर सिस्टचं रूप घेऊन येतात. ‘बॉर्डरलाइन’ नावाची एक मधली जातही आहे, धड साधी नाही, धड कॅन्सर नाही. म्हणून ‘या सिस्टचा कॅन्सर होईल का?’ यापेक्षा ‘ही खरंच साधी सिस्ट आहे ना?’ हे विचारा. त्याचं उत्तर रिपोर्टात लिहिलेलं असतं.

रिपोर्ट मला कसा कळणार?

कळतो. समोर एक घेऊन बसू. भाषा इंग्रजी असते, पण शब्द मोजकेच.

‘राइट ओव्हरी शोज अ ४.२ बाय ३.८ सेमी अ‍ॅनेकोइक, थिन-वॉल्ड, युनिलॉक्युलर सिस्ट. नो सेप्टेशन, नो सॉलिड कॉम्पोनंट, नो इंटर्नल व्हॅस्क्युलॅरिटी. नो फ्री फ्लुइड.’

उजव्या अंडाशयात सव्वाचार सेंटिमीटरची पिशवी. अ‍ॅनेकोइक म्हणजे आत नितळ पाणी, सोनोग्राफीत एकदम काळंभोर दिसणारं. थिन-वॉल्ड, भिंत पातळ. युनिलॉक्युलर, एकच कप्पा. सेप्टेशन नाही, म्हणजे आत पडदे नाहीत. सॉलिड कॉम्पोनंट नाही, म्हणजे घट्ट मांसल भाग नाही. व्हॅस्क्युलॅरिटी नाही, म्हणजे आत रक्तपुरवठा नाही. फ्री फ्लुइड नाही, पोटात पाणी सुटलेलं नाही. हा रिपोर्ट वाचून मी चहा प्यायला उठते.

आता दुसरा: ‘मल्टिलॉक्युलर सिस्ट विथ थिक सेप्टे, पॅपिलरी प्रोजेक्शन्स अँड सॉलिड एरिया शोइंग फ्लो. असायटिस प्रेझेंट.’ अनेक कप्पे, जाड पडदे, भिंतीतून आत आलेले कोंब, रक्तपुरवठा असलेला घट्ट भाग आणि पोटात पाणी. इथे चहा राहतो बाजूला. या बाईला त्याच आठवड्यात कॅन्सरची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडे पाठवायचं असतं.

अलीकडे बऱ्याच रिपोर्टांच्या तळाशी ‘ओ-रॅड्स’ आणि एक आकडा असतो. हे रेडिओलॉजिस्ट मंडळींचं वर्गीकरण. २ म्हणजे कॅन्सरची शक्यता शंभरात एकापेक्षा कमी. ३ म्हणजे एक ते दहाच्या आत. ४ म्हणजे दहा ते पन्नासच्या आत. ५ म्हणजे निम्म्याहून जास्त. तुमच्या रिपोर्टात हा आकडा नसेल तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

एक लक्षात ठेवा, खालून, म्हणजे योनीमार्गातून, केलेल्या सोनोग्राफीत अंडाशय जास्त स्पष्ट दिसतं. पोटावरून केलेल्या तपासणीत ‘सॉलिड भाग असावा’ अशी शंका आली आणि खालून पाहिल्यावर ते नुसतं साकळलेलं रक्त निघालं, असं होतं. लग्न न झालेल्या मुलींची पोटावरूनच करतात. त्यासाठी लघवी तुडुंब भरलेली लागते, अर्धवट भरून गेलात तर अर्धवटच दिसतं.

किती सेंटिमीटर म्हणजे धोका?

आकारावरून कॅन्सर ओळखता येत नाही. दोन सेंटिमीटरच्या घट्ट गाठीची मला दहा सेंटिमीटरच्या पाण्याच्या पिशवीपेक्षा जास्त काळजी वाटते. आकार महत्त्वाचा तो पीळ बसण्याच्या, म्हणजे जड सिस्टसकट अंडाशयाने स्वतःभोवती गिरकी घेण्याच्या दृष्टीने, आणि फार मोठ्या सिस्टचा कोपरान्‌ कोपरा सोनोग्राफीत नीट दिसत नाही म्हणून. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचा हिशोब सरळ आहे: पाळी चालू असताना साधी सिस्ट पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर सहसा पुन्हा पाहायचीही गरज नाही, पाच ते सात असेल तर वर्षाने सोनोग्राफी, आणि त्याहून मोठी असेल तर एमआरआय किंवा ऑपरेशनचा विचार. आपल्याकडे पाचच्या आतली सिस्टही एकदा पुन्हा पाहायची पद्धत आहे. त्यात गैर काही नाही.

मोठ्या गाठींवरून आठवलं. अंडाशयाची गाठ काढून बाई जगली, अशी नोंद असलेलं पहिलं ऑपरेशन १८०९ सालच्या डिसेंबरातलं. जेन क्रॉफर्ड नावाची बाई तट्ट फुगलेलं पोट घेऊन घोड्यावरून साठ मैल आली. गावच्या डॉक्टरांना ती दिवस उलटून गेलेली गरोदर वाटत होती. इफ्रेम मॅक्डॉवेल या डॉक्टरने स्वतःच्या घरात, भूल देण्याची सोय नसताना, सुमारे दहा किलोची गाठ काढली. बाई त्यानंतर बत्तीस वर्षं जगली. हे घडलं केंटकीत. साध्या सिस्टला हात लावू नका, असं दोनशे वर्षांनी सांगणारा अभ्यासही त्याच केंटकीतला.

सीए-१२५ चा आकडा ८० आलाय. नॉर्मल ३५ पर्यंत लिहिलंय. आता?

आता आधी हे सांगा की ही तपासणी करायला कुणी सांगितली. पाळी चालू असलेल्या बाईला साधी सिस्ट असेल तर सीए-१२५ ही रक्ततपासणी करायची गरज नसते. कारण हा पदार्थ फक्त कॅन्सरमध्ये वाढतो असं नाही. पोटातल्या अस्तराला कशाचाही त्रास झाला की तो वाढतो. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, फायब्रॉइडमध्ये, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात तो आजार), ओटीपोटातल्या जंतुसंसर्गात. उलट सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये जवळजवळ निम्म्या बायकांत तो नॉर्मल असतो. म्हणजे ३५ च्या आत आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही आणि ८० आला म्हणून खचायचं नाही.

हा आकडा एकटा वाचायचा नसतोच. वय आणि सोनोग्राफी यांच्याशी त्याचा गुणाकार करतात. सोनोग्राफीत संशयास्पद असं काहीच नसेल तर शून्य, एक गोष्ट असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. आता दोन बायका घ्या, दोघींचं सीए-१२५ ऐंशीच. पहिली तिशीतली, सिस्टमध्ये दोन कप्पे, बाकी काही नाही: १ गुणिले १ गुणिले ८०, म्हणजे ८०. दुसरी साठीची, दोन्ही बाजूंना सिस्ट आणि आत घट्ट भाग: ३ गुणिले ३ गुणिले ८०, म्हणजे ७२०. दोनशेच्या वर गेलं की कॅन्सर सर्जनकडे, असा संकेत आहे. लॅबच्या कागदावर मात्र दोघींच्या आकड्याखाली तीच लाल रेघ.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहावी लागते, पोटाचा क्षयरोग. पोटात पाणी, वजन उतरलेलं, बारीक ताप, अंडाशयाजवळ गाठीसारखं काहीतरी, आणि सीए-१२५ काही शेकड्यांत. कागदावर हुबेहूब पसरलेला कॅन्सर. घरच्यांनी आशा सोडलेली असते. तुकडा काढून तपासला की टीबी निघतो आणि गोळ्यांचा कोर्स पुरा केल्यावर बाई खडखडीत बरी होते. म्हणून तुकड्याच्या तपासणीशिवाय पसरलेल्या कॅन्सरचं निदान कुणी पक्कं करत असेल, तर थांबून विचारा.

वीस-बावीसच्या आतल्या मुलींचं गणित वेगळं. त्यांच्यात घट्ट गाठ दिसली तर एएफपी, एलडीएच आणि बीटा-एचसीजी या रक्ततपासण्या लागतात, कारण त्या वयात होणारे कॅन्सर वेगळ्या जातीचे असतात. औषधांना ते चांगले बधतात, आणि बहुतेक वेळा दुसरं अंडाशय आणि गर्भाशय राखता येतं.

चॉकलेट सिस्टचं काय? तिचा तरी होतो ना कॅन्सर?

नाव गोड, आजार चिवट: अंडाशयातला एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयात रुजतात, दर पाळीला तिथेही रक्त साठतं आणि जुनं झालं की दाट तपकिरी होतं. खरं दुखणं म्हणजे पाळीतली असह्य कळ आणि मूल राहायला अडचण.

कॅन्सरशी नातं आहे, पण बारीक. पाश्चात्त्य देशांत सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात साधारण सव्वा, आणि एंडोमेट्रिओसिस असलेल्या बाईत ती दोनच्या आत. तेवढ्यासाठी पंचविशीच्या मुलीचं अंडाशय काढायचं नसतं. उलट प्रत्येक ऑपरेशनमध्ये चॉकलेट सिस्टच्या भिंतीबरोबर थोडी चांगली बीजंही जातात. ज्यांना मूल हवंय त्यांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऑपरेशन करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. पण चाळिशी-पन्नाशीनंतर वर्षानुवर्षं तशीच असलेली चॉकलेट सिस्ट भराभर वाढू लागली, आत रक्तपुरवठा असलेला कोंब दिसला, किंवा दुखण्याची तऱ्हा बदलली, तर ती लगेच दाखवायची.

गाठीत केस आणि दात निघाले म्हणतात. हे काय आहे?

डर्मॉइड. बीज तयार करणाऱ्या पेशीत कातडी, केस, चरबी, दात, सगळं घडवण्याची ताकद असते. एखादी पेशी बीज व्हायचं सोडून तेच करत बसते. आतली चरबी शरीराच्या उबेने पातळ असते आणि बाहेर काढली की थिजलेल्या तुपासारखी होते. ही करणी नव्हे, पोटात राहिलेलं जुळं नव्हे, आणि मुलीच्या वागण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. हे शेवटचं मला दर थोड्या दिवसांनी कुणाच्या तरी आईला आतल्या खोलीत बसवून सांगावं लागतं.

कॅन्सर शंभरात एक-दोन जणींत, तोही बहुतेक पाळी गेल्यानंतरच्या वयात. डर्मॉइडचा खरा उपद्रव पिळाचा. ती जड असते आणि गिरकी घेते.

पीसीओडी म्हणजे इतक्या सगळ्या सिस्ट. मग धोका जास्त?

नावातच गफलत आहे. त्या सिस्ट नसतातच. वाढ अर्ध्यात थांबलेले दोन ते नऊ मिलिमीटरचे फोड असतात ते. त्यांचा अंडाशयाच्या कॅन्सरशी संबंध लावू नका. लक्ष द्यायचं ते पाळीकडे. महिनोन्‌महिने पाळी येत नसेल तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर पीसीओडीत जास्त आढळतो. तीन महिन्यांवर पाळी गेली तर औषधाने ती आणायची असते, ती याचसाठी.

माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली. आता कसली सिस्ट?

इथे माझा सूर बदलतो. पाळी गेल्यावर दर महिन्याचे फोड बंद झालेले असतात, त्यामुळे ‘आपोआप जाईल’ हे त्याच सहजतेने म्हणता येत नाही. तरी घाबरून जायचं नाही, केंटकीचा आकडा पन्नाशीपुढच्या बायकांचाच आहे. सिस्ट साधी, एका कप्प्याची, पाच सेंटिमीटरच्या आत आणि सीए-१२५ नॉर्मल असेल तर चार-सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करतात. वर्षभर तशीच राहिली तर पुढे पाहायचं थांबवतात. यातलं एक जरी बिघडलं तर ऑपरेशनचा सल्ला लवकर येतो, आणि तो बरोबर असतो.

डॉक्टर ‘थांबू या’ म्हणतात. थांबलो आणि वाढलं तर?

अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून २०१९ साली याचंच उत्तर प्रसिद्ध केलं. सोनोग्राफीत साध्या वाटलेल्या गाठी न काढता १,९१९ बायकांकडे लक्ष ठेवलं. दोन वर्षांत पाचातल्या एकीची गाठ गेली. कॅन्सर निघाला हजारात चौघींना, पीळ बसला तोही हजारात चौघींना. ऑपरेशनलाही भूल, रक्तस्राव, आतड्याला इजा असे धोके असतातच, ते या हजारात चौघींच्या शेजारी ठेवून पाहावे लागतात. थांबणं म्हणजे अंगावर काढणं नव्हे. तारीख ठरवून पुन्हा पाहणं. ती तारीख चुकवणाऱ्या मात्र बऱ्याच असतात. दिवाळी येते, लग्नसराई येते, मुलीची दहावी येते.

सुईने पाणी काढून टाकता येणार नाही का?

शक्यतो नाही. पाणी पुन्हा भरतं, त्या पाण्याच्या तपासणीत कॅन्सर सुटू शकतो, आणि तो खरंच असेल तर बंद पिशवीतल्या पेशी आपणच पोटभर सांडून बसतो. दुर्बिणीतून सिस्ट काढतानाही याच कारणाने ती शक्य तेवढी न फोडता प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर ओढतात. ‘तुम्ही पिशवी वापरता ना?’ हे सर्जनला बेलाशक विचारा.

वय झालंच आहे. एकदाचं सगळंच काढून टाकलं तर काय बिघडतं?

हे वाक्य कधी बाई बोलते, कधी तिच्यासाठी दुसरंच कुणी. आपल्या महाराष्ट्राला याचा कडू अनुभव आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं सरसकट काढली जात असल्याचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कित्येकींनी सांगितलेलं कारण ओळखीचं होतं: पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल, असं सांगितलं गेलं. कोयता थांबला की मजुरी थांबते, त्यामुळे पाळीची कटकट गेली तर बरंच, हेही होतं.

चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं काढली की त्या दिवसापासून पाळी गेल्याचे सगळे परिणाम सुरू. अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराची जोखीम वाढणं. साध्या सिस्टसाठी फक्त सिस्ट सोलून काढता येते, उरलेलं अंडाशय राहतं. फायब्रॉइडसारख्या दुसऱ्या कारणाने गर्भाशय काढायचंच असेल तर ‘अंडाशयं ठेवून नुसत्या नळ्या काढता येतील का?’ हे विचारून ठेवा. कॅन्सरची सुरुवात बऱ्याचदा गर्भनलिकेत होते हे वर सांगितलं, त्याचा हा उपयोग.

आईला अंडाशयाचा कॅन्सर होता. माझी सिस्ट तरी वेगळी धरायची ना?

सिस्टपेक्षा तुमचं रक्त महत्त्वाचं. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर बीआरसीए जनुकाची तपासणी विचारा. शक्य असेल तर ती आधी आजारी व्यक्तीची करतात. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या बाईला ऐंशी वर्षांपर्यंत अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात साधारण ४४, बीआरसीए-२ मध्ये १७. अशा बायकांना मुलंबाळं झाल्यावर अनुक्रमे पस्तीस ते चाळीस आणि चाळीस ते पंचेचाळीस या वयात नळ्या आणि अंडाशयं काढण्याचा सल्ला देतात, सिस्ट असो वा नसो. हा दोष वडिलांकडूनही येतो. आत्याची हकीकत विचारायची म्हणते ती त्यासाठी.

मग दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ करून घेऊ का?

काही त्रास नसेल आणि घराण्यात कुणाला नसेल, तर नको. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांवर हाच प्रयोग झाला. २०२१ साली निकाल आला: तपासण्या करूनही अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या ७८,२१६ बायकांच्या प्रयोगात तर ३,२८५ जणींना खोटी धोक्याची घंटा वाजली, त्यातल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं आणि १६३ जणींना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. कॅन्सर नसताना. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सीए-१२५ फुकट मिळतंय म्हणून करून घेऊ नका.

काढा, गुग्गुळ, गोळ्या यांनी सिस्ट विरघळते का? जाऊबाईंची गेली.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला. दोन-तीन पाळ्यांत जाणारी सिस्ट त्या काळात जे घेतलं असेल त्याच्या नावावर जाते. आमच्या गर्भनिरोधक गोळ्यांचीही तीच गोष्ट, झालेली सिस्ट त्यांनी लवकर जात नाही. मात्र याच गोळ्यांनी, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन त्यातलीच, अंडाशयाच्या कॅन्सरची जोखीम दर पाच वर्षांच्या वापरामागे साधारण वीस टक्क्यांनी उतरते. त्या कुणाला चालतात आणि कुणाला नाही, हे डॉक्टरांना विचारूनच.

गरोदर आहे आणि सिस्ट दिसली.

बहुतेक वेळा ती गर्भाला आधार देणारीच सिस्ट असते आणि चौथ्या महिन्यापर्यंत जाते. गेली नाही, मोठी किंवा संशयास्पद असली तर मधल्या तीन महिन्यांत ऑपरेशन करता येतं. सीए-१२५ या काळात करून उपयोग नाही.

कशावर अजिबात थांबायचं नाही?

दोन वेगळी चित्रं डोळ्यांसमोर ठेवा.

पहिलं तासांचं. एका बाजूला अचानक जीवघेणी कळ, सोबत उलट्या. कळ येते, जरा ओसरते, पुन्हा येते. हा अंडाशयाला पीळ असू शकतो. उजवीकडे जास्त बसतो, त्यामुळे अपेंडिक्स समजून वेळ जातो. रात्र असो, पाऊस असो, दवाखाना गाठा. काळंनिळं पडलेलं अंडाशयही पीळ सोडवला की बरेचदा सावरतं.

दुसरं आठवड्यांचं, आणि जास्त फसवं. पोट फुगल्यासारखं राहणं, चार घास खाल्ले की पोट भरणं, ओटीपोटात दुखत राहणं, सारखी लघवीला लागणं. ही लक्षणं नवीन असतील आणि महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस होत असतील, तर सोनोग्राफी करून घ्या, पन्नाशीपुढे तर नक्कीच. भारतातल्या बायकांत स्तन आणि गर्भाशयमुखाच्या पाठोपाठ हा कॅन्सर येतो, २०२२ सालच्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे ४७ हजार नव्या रुग्ण. बहुतेकजणी उशिरा येतात, कारण मधले महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळीत, ओव्याच्या पाण्यात आणि ‘वयोमानाने सुटलंय पोट’ यात जातात. माझ्यासमोर बसलेल्या एक काकू परकराची नाडी दाखवत म्हणाल्या होत्या, “हात-पाय वाळलेत बघा, पण गाठ मारायला नाडी पुरत नाही.” याहून नेमकं लक्षण कुठल्या पुस्तकात मला सापडलेलं नाही.

तपासायला येताना काय आणायचं?

जुने सगळे रिपोर्ट, सोनोग्राफीच्या फिल्मसकट. नुसता मोबाइलमधला अर्धा फोटो नको. शेवटच्या पाळीची तारीख. घराण्यात कुणाला काय झालं, वडिलांकडचंही. चालू असलेल्या औषधांची पाकिटं. आणि आधी कधी ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि गाठीच्या तपासणीचा कागद, तो तर आणाच. नेमका तोच कागद घरात सापडत नाही, म्हणून आजच शोधून लॅमिनेट न करता साध्या फोल्डरमध्ये घालून ठेवा. लॅमिनेट केलेल्या कागदावर आम्हाला काही लिहिता येत नाही.